पाय धुतलेलं पाणी

फेस्टी गार्वीनं आयुष्यात दोनच कामं केली. गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि एकदा एक भूत चितारलं.

आयर्लंडमधल्या किलडूआ गावच्या मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना त्याचंच अक्षर दिसायचं. खाटीक, औषधवाला, दारूचे तिन्ही गुत्ते, शवपेट्या करणारा सुतार, सगळ्यांच्या डोक्यावर फेस्टीच्या हातची सोनेरी अक्षरं आणि त्यांना खालून काळी सावली. पुढे गॉलवेहून एक गाडी यायला लागली. तिच्यातून चिकटवायची तयार अक्षरं यायची आणि दोन तासांत पाटी उभी राहायची. फेस्टीचं काम गेलं. जे थोडं उरलं ते त्याच्या हातानं घालवलं, कारण सत्तरीनंतर हात थरथरू लागला. पॅकी लोहान खाटकाच्या पाटीवरची शेवटची तीन अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली. पॅकीनं ती पाटी तशीच लावली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "मान जरा तिरकी करून वाच, बरोबर दिसेल."

पण भूत कुणी घालवू शकत नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी शाळेतल्या डिम्फना टूई बाईंनी मुलांसाठी पद्यात एक गोष्ट लिहिली होती, 'कोंबडीला भिणारं भूत'. चित्रं फेस्टीची होती. तेव्हापासून दर हॅलोविनला, एकतीस ऑक्टोबरला दुपारी तीन वाजता, वाचनालयात टूई बाई ते पुस्तक मोठ्यानं वाचायच्या. मुलं मुखवटे घालून खाली सतरंजीवर बसायची आणि फेस्टी मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. पुढे बसायला त्याला लाज वाटायची. पण मागे उभं राहायला तो कधी चुकला नाही.

संध्याकाळी तीच मुलं घरोघर फिरायची. दारात आलेल्या मुलानं काहीतरी करून दाखवायचं, गाणं म्हणा, नाचा, नकला करा. घरच्यांनी मुखवट्यामागं कोण आहे ते ओळखायचं आणि मग सफरचंदं, अक्रोड द्यायचे. फेस्टीच्या दारात मुलं अक्रोड घ्यायचीच, वर हात पुढे करायची. तो शाईच्या पेननं प्रत्येकाच्या पंज्यावर पुस्तकातलं ते लांब नाकाचं भूत काढून द्यायचा. लग्न झालं नव्हतं, घरात तो आणि एक म्हातारी कुत्री. वर्षभर त्याच्या दाराशी कुणी फारसं येत नसे. त्या एका संध्याकाळी मात्र फाटकापर्यंत रांग लागायची.

गेल्या वर्षी टूई बाईंनी नवी गोष्ट लिहिली. ही बातमी फेस्टीला जानेवारीतच लागली. त्यानं स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं, त्यावर पांढरा कागद ताणून बसवला आणि दोन नवे कुंचले आणले. मग बोलावण्याची वाट पाहत बसला. आपणहून विचारायला जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मार्च महिन्यात पॅकीनं चॉप कापता कापता सांगितलं, "कळलं का? बाईंच्या पुस्तकाची चित्रं जुसारा काढतेय."

"कोण जुसारा?" फेस्टीनं विचारलं. खरं तर त्याला चांगलं ठाऊक होतं.

"अरे, वाल्दीरची पोरगी. तो ब्राझीलवाला, मटण कारखान्यात होता, गेल्या हिवाळ्यात वारला बघ. डब्लिनला शिकून आली की ती चित्रकला. तुला नाही सांगितलं बाईंनी?"

"सांगितलं होतं," फेस्टी म्हणाला. "विसरलो मी."

त्यानंतर तो सात मैल सायकल मारत शेजारच्या गावातून मटण आणू लागला. पॅकीचा दोष एवढाच, की बातमी त्याच्या तोंडून आली.

जुसाराला तो ओळखायचा ते तिच्या सातव्या वर्षापासून. कारखान्यातल्या कामासाठी ब्राझीलची माणसं गावात आली तेव्हाची ही गोष्ट. त्या हॅलोविनला दारात एक लहान मुलगी उभी राहिली, तोंडावर कागदाची पिशवी आणि तिला डोळ्यांची दोन भोकं. फाटकाशी तिचा बाप तिचा कोट हातात घेऊन उभा होता. फेस्टीनं विचारलं, "काय करून दाखवतेस?" तिला भाषा येत नव्हती. तिनं खिशातून खडू काढला आणि त्याच्या पायरीवर एक भूत काढलं, दोन रेघांत. फेस्टीनं ती पायरी पाऊस येईपर्यंत धुतली नाही. ही गोष्ट तो पूर्वी कौतुकानं सांगायचा. मार्चनंतर त्यानं ती सांगणं बंद केलं.

जळणं म्हणजे काय असतं ते फेस्टीला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. तो रोज वाचनालयात जाऊ लागला. तिथं भिंतीवर त्याच्या जुन्या भुताची चार चित्रं चौकटीत लावलेली होती. मे महिन्यात ती उतरवून संडासाकडे जाणाऱ्या बोळात लावली, कारण दर्शनी भिंत जुसाराच्या चित्रांसाठी हवी होती. वाचनालयातली ओर्ला म्हणाली, "तिथं जास्त लोकांच्या नजरेस पडतील, फेस्टी. जाता येता सगळे बघतात." तिनं ते अगदी मनापासून म्हटलं होतं, म्हणून तर त्याला जास्तच झोंबलं. घरी येऊन तो ताणून ठेवलेल्या कागदावर स्वतःचं नवं भूत काढायला बसला आणि हातांशीच अडला. दहा काढले, वीस काढले. सगळे हातमोज्यांसारखे दिसत होते.

ऑगस्टमध्ये टूई बाईंनी त्याला चहाला बोलावलं.

बाई आता त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गात जी मुलं होती त्यांत अकरा वर्षांचा फेस्टी होता, म्हणून अजूनही त्यांच्यासमोर त्याचे हात आपोआप मागे जायचे. बाईंच्या डोळ्यांत मधोमध धुकं साचलं होतं. कडेकडेचं अंधूक दिसायचं, समोरचं माणूस दिसत नसे.

"बस," बाई म्हणाल्या. "तू रागावलायस."

"नाही बाई."

"मटण कुठून आणतोस ते सगळ्या गावाला माहीत आहे. ऐक. वाचनालयाच्या समितीला तरुण हात हवा होता, आणि मी हो म्हटलं. तुझ्या घरी येऊन तुला सांगायला हवं होतं, तेवढं माझ्यानं झालं नाही. आता माझं एक काम कर. ही छपाईआधीची पानं आहेत. मला दिसत नाहीत. पोरगी हुशार आहे, पण वाढली कारखान्याच्या चाळीत, तिथं जुन्या गोष्टी कोण सांगणार तिला? तू नीट बघ. काही चुकलं असेल तर आत्ताच सांग, शुक्रवारी छापायला जाणार."

फेस्टीनं पानं पुढे ओढली. गोष्ट अशी होती: हॅलोविनच्या रात्री एक थंडीनं काकडलेलं भूत म्हाताऱ्या विधवेच्या दारात येतं आणि आत घे म्हणतं. म्हातारी ऐकत नाही. मग ते घरातल्या झाडूला हाक मारतं, दार उघड म्हणतं. चिमट्याला सांगतं, किटलीला सांगतं. झाडू म्हणतो मी भिंतीला टेकलोय, चिमटा म्हणतो मी विस्तवात आहे, किटली म्हणते माझ्या तोंडाला वाफ आलीय. शेवटी म्हातारीला दया येते आणि ती खिडकीतून त्याला हॅलोविनच्या मनुकांच्या पावाचा तुकडा देते. त्या पावात अंगठी लपवलेली असते, आणि ज्याच्या दाताखाली ती येईल त्याचं वर्षभरात लग्न होतं. ती नेमकी भुताच्या दाताखाली येते. ते घाबरून टोपी टाकून पळतं.

आणि भूत. फेस्टीनं ते पान उजेडाकडे धरलं. ते उंच होतं, जरा वाकलेलं, जुनी टोपी छातीशी धरलेलं. त्याचे हात मोठे होते, सांधे सुजलेले, आणि टोपीची कड ते अशी चाचपत होते की कुणालाही वाटावं, अरे, ह्याला आत घ्या रे. फेस्टीच्या स्वतःच्या लांब नाकाच्या भुताला कुणी कधी आत घ्या म्हटलं नव्हतं.

तो पानं उलटत गेला. एकही खोट सापडेना. सलगम कोरून केलेला कंदील बरोबर, विस्तवात जळणासाठी घातलेली, मातीच्या विटेसारखी दलदलीतली ढेपळं बरोबर. आणि मग पाचव्या पानावर त्याला ते दिसलं. बाईंनी लिहिलं होतं, 'पाय धुऊन म्हातारी बसली, दाराला खीळ घालून'. जुसारानं म्हातारी खुर्चीत काढली होती, पाय ओले, आणि खुर्चीशेजारी पांढरं पत्र्याचं घमेलं, त्यात निळसर पाणी.

फेस्टीची आई रोज रात्री सगळ्यांचे पाय धुऊन झाले की ते पाणी उंबऱ्याबाहेर फेकायची. फेकण्याआधी अंधारात ओरडायची, "बाजूला व्हा," बाहेरून जाणाऱ्या भुताखेतांच्या अंगावर पडू नये म्हणून. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. झाडू, चिमटा, किटली भुताचं ऐकणार नाहीत. पण पाय धुतलेलं पाणी घरात राहिलं आणि बाहेरच्यानं त्याला हाक मारली, की ते उठून दार उघडतं. बाईंनी लिहिलं नाही, कारण पाणी बाहेर टाकायचं असतं हे लिहायची गोष्ट आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि जुसाराच्या चित्रात भूत बारा पानं दारात उभं राहून झाडूची विनवणी करत होतं, आणि घमेलंभर पाणी आत तयार बसलं होतं. सगळी गोष्टच त्या घमेल्यात बुडाली होती.

"काय रे," बाई म्हणाल्या. "गप्प का?"

"बघतोय."

"काही आहे का?"

फेस्टीनं पानं एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या. "काही नाही बाई," तो म्हणाला. "छान आहेत."

बाईंनी मान जरा कलती केली, त्यांना कडेनं दिसायचं तशी. "बरं," म्हणाल्या.

घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं. तो पुन्हा पॅकीकडे मटण घ्यायला लागला. मुखवट्यांच्या गर्दीत, मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायका त्या पानावर कशा एकमेकींना कोपर मारतील, याचं चित्र तो मनात रंगवायचा. ते चित्र त्याला अगदी सुरेख जमत होतं.

हॅलोविनच्या दुपारी वाचनालय भरून गेलं. चेटकिणी, सांगाडे, एक मुलगी डोक्यावर नुसती बादली घालून. तीनशे प्रती छापून आल्या होत्या, त्यांचे खोके टेबलाखाली. दर्शनी भिंतीवर जुसाराची चित्रं. जुसारा बाईंच्या पायाशी बुटक्या स्टुलावर पानं उलटायला बसली होती, नव्या निळ्या झग्यात. फेस्टी मागच्या भिंतीला टेकला. शेजारी पॅकी होता.

एक गोष्ट फेस्टीनं हिशेबात धरली नव्हती. बाईंना दिसत नव्हतं.

"पद्य मला पाठ आहे," बाई मुलांना म्हणाल्या. "चित्रं मात्र दिसत नाहीत. तेव्हा तोंड माझं, डोळे तुमचे. प्रत्येक पानावर काय दिसतं ते मला सांगायचं. काहीही सोडायचं नाही."

मुलांना हा खेळ फार आवडला. टोपी आहे, चंद्र आहे, चंद्राला दात आहेत, भुताच्या बुटाला नाडी नाही. बाई हसत होत्या. पाचवं पान आलं. फेस्टीनं मागच्या रांगेकडे पाहिलं.

"म्हातारी आहे. तिचे पाय ओले आहेत," बादलीवाली मुलगी म्हणाली. बादलीतून तिचा आवाज घुमत होता. "आणि बाजूला घमेलं आहे."

बाई थांबल्या. "रिकामं?"

"नाही. पाणी आहे. निळं."

मागच्या रांगेत दोन म्हाताऱ्या बायका हसल्या आणि त्यांनी खरोखरच एकमेकींना कोपर मारलं. मुलं विचारू लागली, काय झालं, काय झालं. बाईंनी त्यांना पाय धुतलेल्या पाण्याचं सगळं सांगितलं, शांतपणे, वर्गात सांगावं तसं.

"मग भूत पाण्याला का नाही हाक मारत?" एका सांगाड्यानं विचारलं.

"हे भूत जरा बावळट आहे," बाई म्हणाल्या. "आपल्या कामाचं काय ते ह्याला कुणी शिकवलं नाही. चल, पुढचं पान."

मुलं खूश झाली. पुढच्या प्रत्येक पानावर ती भुताला ओरडून सांगू लागली, "पाण्याला हाक मार!" गोष्ट आधी होती त्याहून जास्त रंगली. पण जुसाराचा चेहरा उतरला होता. ती पानं उलटत होती आणि वर पाहत नव्हती. आणि पॅकी, ज्याला कधी गप्प बसता आलं नाही, मोठ्यानं म्हणाला, "ब्राझीलात पाय धुवत नाहीत वाटतं."

लोक हसले. फेस्टीनं ऑगस्टपासून ज्याची वाट पाहिली होती ते हेच. ते त्याच्या शेजारून, त्याच्या कानात आलं, आणि त्याला वाटलं आपणच बोललो. स्टुलावर बसलेल्या तीस वर्षांच्या जुसारात त्याला ती कागदाची पिशवी घातलेली मुलगी दिसू लागली.

वाचन संपलं. मुलं पावाच्या तुकड्यांवर तुटून पडली. जुसारा बाईंना म्हणाली, "मला माहीत असायला हवं होतं. मी इथल्याच शाळेत शिकले."

"मी तुला नाही शिकवलं ते," बाई म्हणाल्या. "पण ज्याला येत होतं त्याला मी विचारलं होतं." त्या बोलल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेमका फेस्टीच्या दिशेला नव्हता, जरा कडेला होता. म्हणजे त्या त्याच्याकडेच पाहत होत्या.

फेस्टी भिंतीपासून सुटला आणि पुढे आला. इतक्या माणसांमधून तो कधी चालत गेला नव्हता. पॅकी मागून म्हणाला, "कुठं चाललास रे?"

"मी पाहिलं होतं," फेस्टी जुसाराला म्हणाला. "ऑगस्टमध्येच. बाईंनी पानं दाखवली तेव्हा."

"घमेलं?"

"घमेलं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

त्यानं हात मागे बांधले. मग सोडले. "तुझं भूत माझ्या भुतापेक्षा चांगलं आहे म्हणून," तो म्हणाला.

बादलीवाल्या मुलीनं बादली काढली आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"ऑगस्टमध्ये मला तुझ्या आवाजावरून कळलं होतं," बाई म्हणाल्या. "फक्त काय लपवतोयस ते कळत नव्हतं. शाळेतही तू असाच कडा जुळवत बसायचास. मी छपाई थांबवायला हवी होती. वाटलं, स्वतःहून येशील."

जुसारा रागावली होती, आणि तिनं ते लपवलं नाही. "तीनशे प्रती आहेत," ती म्हणाली. "सोमवारी शाळांना जायच्यात. पाणी पुसायचं तर माझे रंग ह्या चकचकीत कागदावर ठरत नाहीत, ओघळतात. आता काय करायचं ते सांगा तुम्हीच."

"माझे ठरतात," फेस्टी म्हणाला. "पाट्यांचे रंग काचेवरही ठरतात."

"आणि पाण्याच्या जागी काय काढणार?"

"मांजर," तो म्हणाला. "घमेल्यात मांजर झोपलं असेल तर पाणी कसं असेल?"

दुसऱ्या दिवसापासून तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत रंगाचे डबे घेऊन बसला. जुसारा पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरायची, झालं की खिडकीशी वाळत ठेवायची. पहिल्या दिवशी ती एक शब्दही बोलली नाही. त्याचा हात थरथरत होताच, पण अक्षराला सरळ राहावं लागतं, मांजराच्या केसांना नाही. उलट त्या थरथरीनं मांजरं छान केसाळ होऊ लागली. काही जाड झाली, काहींनी एक डोळा उघडा ठेवला. पॅकी तिसऱ्या दिवशी गरम सॉसेज घेऊन आला, दोघांच्या मधे ठेवून म्हणाला, "त्या दिवशी जास्त बोललो मी," आणि नातीसाठी एक जाड मांजर मागून गेला.

सोपं नव्हतं ते. प्रत्येक प्रतीत पाचव्या पानाच्या समोरच्या पानावर खिडकीबाहेर भूत उभं होतं. म्हणजे दिवसभरात शंभर वेळा ते हात फेस्टीच्या नाकाखाली येत होते. जळणं कमी होईल असं त्याला वाटलं होतं, पण जवळून पाहिल्यावर ते वाढलंच. तिसऱ्या दिवशी दुपारी, अगदी थोड्या प्रती उरल्या असताना, त्यानं कुंचला खाली ठेवला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हे हात कसे काढलेस? मी मेपासून काढतोय. हातमोजे होतात."

जुसारा हातातल्या पुस्तकाकडे पाहत राहिली. "बाबांचे आहेत," ती म्हणाली. "कारखान्यातल्या थंड खोलीत काम करून सांधे तसे झाले होते. मी काही केलं नाही. होते तसे काढले. दारात उभे राहायचे तेव्हा टोपी अशीच धरायचे. कुणाच्या घरात जायला फार लाजायचे ते."

फेस्टीला फाटकाशी कोट घेऊन उभा असलेला माणूस आठवला. त्याला आपण कधी आत ये म्हटलं नव्हतं. तेव्हा ते सुचलंच नव्हतं.

तो पुन्हा कामाला लागला. त्यानं मांजरामागून मांजर काढलं. शेवटची प्रत उरली तेव्हा त्यानं हात पुढे केला, पण जुसारानं ती पुढे धरली नाही. छातीशी धरून बसली.

"हिच्यात मांजर नको," ती म्हणाली. "ही मी घरी नेते. पाणी राहू दे, दार उघडायला."

फेस्टीनं मान डोलावली. रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि ते घट्ट बसावं म्हणून अंगठ्यानं कडेकडेनं दाबत गेला.